बी तरी पडू द्यायचं होतं

विमलताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, मनीषाने केला. मी अमरावतीला भावाकडे होते. "काकी, मम्मी नहीं रही," एवढंच ती म्हणाली. मिळेल त्या गाडीने रायपूरला निघाले. ज्येष्ठाचं ऊन, डब्यातल्या पत्र्याला हात लावला तर पोळावा असं. दुर्ग यायच्या आधी सहज फोन उघडला, तर कॉलनीच्या ग्रुपवर विमलताईंचा फोटो. भोवती गुलाबांची छापील चौकट, खाली 'प्रकृतिप्रेमी विमल आंटी को शत-शत नमन'. पाठवणारे, आमच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. त्याखाली हात जोडल्याची चित्रं येऊन राहिली होती, एकामागून एक. फोटो कॉलनीमागच्या बागेतलाच होता. विमलताई हसत होत्या आणि त्यांच्या मागे कमरेएवढा कुर्डू फुलला होता, पांढरा-गुलाबी, उन्हात पेटल्यासारखा. तो कुर्डू ज्यांनी कापला, वरून औषध मारून मुळापर्यंत जाळला, त्यांनीच तो फोटो पाठवला होता. मी रडत होते, हे खरं आहे. पण त्या रडण्यात दुःख किती आणि संताप किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आज श्रावण लागला तरी सांगता येत नाही.

विमलताई माझ्या मोठ्या जाऊबाई. माहेर आणि सासर दोन्ही रायपूरच्या पुरानी बस्तीतलं, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. भोसल्यांच्या काळात इकडे आलेली घराणी ती, मराठी बोलणारी, पण भांडण आलं की हिंदीत शिरणारी. मी अमरावतीहून नवी नवरी म्हणून आले तेव्हा घरात सगळ्यांत भीती वाटली ती ह्यांची. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आयुष्यभर कानाला यंत्र लावून माणसांचे आवाज ऐकलेले, त्यामुळे त्यांना आवाजावरून माणूस कळायचा. पलीकडून कुणी "साहब नहीं हैं" म्हणालं की त्या शांतपणे म्हणायच्या, "सर, आप ही बोल रहे हैं. मैं रुकती हूँ." आणि खरंच रुकायच्या. समोरच्याला फोन ठेवायची लाज वाटेपर्यंत रुकायच्या. मी शाळेत शिकवायचे, दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसवून घ्यायचे. त्या मला म्हणायच्या, "मंदा, तू काहून ओरडतं? आवाज नाही चढवायचा. सोडायचं नाही, बस." जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं, कारण आम्ही दोघी घरातल्या इतर सगळ्यांवर मिळून चिडायचो.

थोरले भाऊजी गेल्यावर आम्ही दोन्ही घरं कॉलनीत राहायला आलो, समोरासमोर. पुरानी बस्तीतलं घर देवाधर्मापुरतं ठेवलं. विमलताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि कॉलनीच्या मागे चालण्याजोगी जागा एकच होती, ती बाग. बाग म्हणजे तेव्हा कुंपण घातलेलं माळरान. एका कोपऱ्यात बुजत आलेली डबरी, म्हणजे लहानसं तळं, दोन सिमेंटचे बाक, आणि मध्ये लावलेली हिरवळ, जी दर वैशाखात मरायची आणि दर पावसाळ्यात पुन्हा आणून अंथरली जायची. विमलताईंना फुलापानांचं काही विशेष नव्हतं. घरात एक तुळस, तीही माझ्या आठवणीने जगलेली. पण गुडघ्यामुळे त्यांना दर थोड्या वेळाने थांबावं लागे, आणि थांबल्यावर माणूस खाली बघतो. खाली केना होता, निळा, सकाळी उघडून दुपारी मिटणारा. एकदांडी होती. दगडाच्या फटीत विष्णुक्रांता होती, नखाएवढी. घरी येऊन त्या मला विचारायच्या, "ते काय असन गं, निळं निळं?" मला माहीत नसायचं. मग आम्ही दोघी कुणाकुणाला विचारत सुटलो. भाजीवालीला, वैद्याला, माझ्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या सरांना. सर लॅटिन नाव सांगायचे आणि विमलताई वैतागायच्या. "घरचं नाव सांगा न, सर. याले घरी काय म्हणतात?"

त्या वर्षी आश्विनात डबरीकडच्या अर्ध्या भागात कुर्डू फुलला. हिरवळ मेलेली, ठेकेदाराने नवी आणली नव्हती, त्यामुळे कुणी कापायलाही आलं नव्हतं. मी विमलताईंबरोबर गेले होते. वारा आला की तो सबंध तुकडा एका बाजूला कलायचा आणि परत सरळ व्हायचा. त्यावर इतकी पिवळी फुलपाखरं होती की विमलताई, ज्यांना मी देवळातसुद्धा गप्प पाहिलं नव्हतं, त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाग ज्या कार्यालयाकडे होती तिथे फोन लावला. तेव्हा तिथे एक तरुण अधिकारीबाई होत्या, कोरब्याकडच्या. त्या स्वतः आल्या, चपला हातात घेऊन चिखलातून फिरल्या, आणि "हव" म्हणत होकार दिला, अर्धी बाग अशीच राहू द्यायला हरकत नाही. त्यांनी पाटी लावून दिली, 'जंगली फूल उद्यान'. एकच नियम ठरला. बी पिकून पडल्याशिवाय, म्हणजे पौष सरेपर्यंत, त्या अर्ध्या भागात यंत्र लावायचं नाही.

पुढची काही वर्षं ती बाग खरंच होती, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आता समितीचे लोक सांगतात की तिथे पहिल्यापासून नुसता कचरा होता. पावसाच्या सुरुवातीला टाकळा यायचा, त्याला इथे चरोटा म्हणतात. गुढियारीकडून बायका यायच्या, कोवळा पाला भाजीसाठी खुडायला. चौकीदार त्यांना हाकलायचा. विमलताईंनी त्याला सांगितलं, ये तो इनकी भाजी है, और जितना तोड़ेंगे उतना फूटेगा. श्रावणात तेरडा, कुंपणाच्या जाळीवर कळलावी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. भाद्रपदात आघाड्याचे तुरे. मग कुर्डू. थंडीत सगळं वाळून सोनेरी व्हायचं आणि गवताच्या बियांवर मुनियांचे थवे उतरायचे, इतक्या हलक्या की काडी वाकायची सुद्धा नाही. ज्यांना हिरवंच आवडतं त्यांना ते वाळलेपण बघवत नसे. विमलताई म्हणायच्या, "बाई बाळंत होते तवा काय नटूनथटून बसते का? हे आता बाळंत होऊन राहिलं." मग फाल्गुनात काटेरिंगणीची जांभळी फुलं आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा सगळ्या कॉलनीतल्या कुंड्या करपायच्या, तेव्हा रुई. रुई तर रणरणत्या उन्हात फुलायची. उन्हाळ्यात बागेत कुणी नसायचं, फक्त रुईभोवती फिरणारी केशरी फुलपाखरं आणि डोक्यावर ओला पंचा टाकून उभ्या विमलताई.

मग अधिकारीबाईंची बदली झाली. आणि समितीत नवे लोक आले. अध्यक्ष निवृत्त इंजिनीअर, आमच्याच मराठी मंडळातले, संक्रांतीला घरी तिळगूळ घ्यायला येणारे. सकाळी चालणाऱ्यांचा त्यांचा गट होता, सगळे पांढरे बूट घालणारे. त्यांच्या बुटांना गवत लागायचं. एकदा कुणाला तरी धामण दिसली, तिचा ग्रुपवर नाग झाला. विमलताई बैठकीला गेल्या आणि म्हणाल्या की धामण उंदीर खाते, माणूस खात नाही. अध्यक्ष हसले. म्हणाले, "वहिनी, तुमचं हे प्रेम आम्ही समजतो, पण बाहेरचे पाहुणे आले की काय म्हणतील? रायपूर आता राजधानी आहे." त्यावर विमलताईंनी जे उत्तर दिलं ते मंडळात अजून सांगतात. म्हणाल्या, "राजधानी आहे म्हणून जमिनीची दाढी करायची का रोज?" सगळे हसले, अध्यक्षसुद्धा हसले, आणि मला वाटतं त्याच दिवशी त्यांनी ठरवलं.

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, पुरानी बस्तीतल्या घरी. भाद्रपदातले ते दिवस आम्ही दोघी तिथेच राहायचो. हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. समितीतल्या अर्ध्या लोकांना आम्ही जेवायलाच बोलावत असू. गेल्या वर्षी जेवणाच्या दिवशी, पहिली पंगत बसली असताना, कॉलनीतल्या एका मुलीचा विमलताईंना फोन आला. बागेत यंत्रं आली आहेत. मी वाढत होते, त्यांचा चेहरा पाहिला आणि हातातला डाव तसाच राहिला. मी म्हटलं, ताई, तुम्ही जा, मी बघते इथलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. घरात सवाष्णी बसल्या होत्या, ताटावरून कुणाला उठवायचं नाही आणि आपणही निघायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्यांनी दोन्ही पंगती वाढल्या. कुणाला पुरण, कुणाला कढी, कुणाला आग्रह. अध्यक्षांच्या पत्नी दुसऱ्या पंगतीत होत्या. त्यांनाही विमलताईंनी स्वतःच्या हाताने तूप वाढलं. त्या बाईंना सकाळपासून माहीत होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या जेवल्या, ओटी घेऊन गेल्या.

आम्ही रिक्षाने बागेत पोचलो तेव्हा काम संपलं होतं. विमलताईंच्या अंगावर सणाचं जांभळं रेशमी पातळ, पदर खोचलेला. समोर सपाट जमीन. सगळीकडे चिरलेल्या हिरव्या देठांचा वास, आणि त्या वासात मिसळलेला दुसरा, औषधाचा, घशात चिकटणारा. दोन माणसं पाठीला पंप लावून डबरीच्या काठाने तणनाशक मारत होती. कुर्डूला नुकते तुरे धरले होते. टाकळ्याच्या शेंगा अजून कोवळ्या होत्या. सगळं ट्रॉलीत भरलेलं, वर ताडपत्री. ठेकेदाराचा मुकादम बाकावर बसून चहा घेत होता. मला वाटलं, आता ह्या याला फाडून खातील. मला तेच हवं होतं. विमलताई त्याच्यापाशी गेल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "बीज तो गिरने देते, भैया."

तो बिचकला. म्हणाला, "अम्मा, कचरा था. साहब लोग बोले नवरात्रि में मंत्री आएँगे, फव्वारा चालू होगा."

रिक्षात बसताना त्या मला म्हणाल्या, "बी तरी पडू द्यायचं होतं, मंदा. मग कापलं असतं तरी चाललं असतं." त्या दिवशी मला त्यांचासुद्धा राग आला. इतकं सगळं उद्ध्वस्त झाल्यावर ही बाई फक्त बी मागते आहे... आता कळतं की त्या खरोखर तेवढंच मागत होत्या, आणि तेवढंही त्यांना मिळालं नाही.

नवरात्रात पाहुणे आले. फवारा दोन दिवस चालला, तो पुन्हा चाललेला मी पाहिला नाही. रानफुलांच्या जागेवर प्लास्टिकचं गवत अंथरलं, त्यावर लोखंडी हृदय उभं केलं, फोटो काढायला. 'जंगली फूल उद्यान' ही पाटी काढली. विमलताईंनी पुन्हा फोन सुरू केले. रोज सकाळी पूजा झाली की फोन. एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरं समितीकडे, आणि समिती म्हणे की रहिवाशांचीच मागणी होती. त्या थांबून राहायच्या. पण आता पलीकडे माणूस राहिला नव्हता, यंत्राचा आवाज होता. ह्या क्रमांकासाठी एक दाबा, त्यासाठी दोन. आवाजावरून माणूस ओळखणारी बाई, तिला ओळखायला आवाजच उरला नाही. मनीषा नवा रायपूरला नोकरी करते, संध्याकाळी दमून यायची आणि आईला फोनपाशी बघून चिडायची. "मम्मी, जाने दो ना अब. घास ही तो थी." विमलताई तिच्यावर कधी रागावल्या नाहीत. मी रागावले. मी म्हटलं, तुझ्या आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि हेही स्वतःसाठी मागत नाहीये.

त्या त्याच दुःखाने गेल्या, असं काही मी म्हणणार नाही. हृदय आधीपासून नाजूक होतं, ज्येष्ठात उष्णता फार होती, दवाखान्यात नेलं आणि दोन दिवसांनी गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं ते मी मानते. पण त्यांचा शेवटचा हिवाळा कसा गेला ते मी पाहिलं आहे. त्या बागेत जायच्या, प्लास्टिकच्या गवताच्या कडेला उभ्या राहायच्या. मुनिया यायच्या, एक फेरी मारायच्या आणि निघून जायच्या. विमलताई म्हणायच्या, "बघ, पत्ता विसरल्या नाहीत." हे त्या कौतुकाने म्हणायच्या. मला तेव्हा कुणाच्या तरी थोबाडीत मारावंसं वाटायचं.

तेराव्यानंतर समितीने श्रद्धांजली सभा ठेवली. बागेतच, त्या लोखंडी हृदयासमोर. मनीषाला आणि मला पहिल्या रांगेत बसवलं, प्लास्टिकच्या गवतावर प्लास्टिकच्या खुर्च्या. अध्यक्ष बोलले. चांगले बोलले, हे सगळ्यांत वाईट. म्हणाले, वहिनींनी आम्हाला साध्या गवतावर प्रेम करायला शिकवलं, त्या ह्या बागेच्या आत्मा होत्या. एकदोघांनी डोळे टिपले. मग त्यांनी जाहीर केलं की बागेला विमलताईंचं नाव द्यायचं ठरलं आहे. ग्रॅनाइटचा दगड कोरूनही झाला होता, पडद्याने झाकून बाजूला ठेवला होता. तो बसवण्यासाठी डबरीच्या काठाला चौथऱ्यासाठी खड्डा खणला होता. तिथे, एका कोपऱ्यात, औषधातून कसाबसा वाचलेला टाकळ्याचा एक पट्टा होता. पहिल्या सरींनी त्यात नुकती रोपं वर आली होती. खणलेली माती त्यांच्यावरच टाकलेली.

मी उठणारच होते. पण माझ्याआधी मनीषा उठली. हातात माईक वगैरे घेतला नाही. अध्यक्षांकडे बघून म्हणाली, "अंकल, मम्मी का नाम यहाँ नहीं लगेगा." ते समजुतीने म्हणाले की बेटा, आपण भावनेच्या भरात आहात, नंतर बोलू. ती म्हणाली, "जब वो ज़िंदा थी तब आपने उनका फोन नहीं उठाया. अब उनका नाम उठा रहे हैं." आणि बसली. मागे कुणीतरी चहाचे पेले वाटायला सुरुवात केली.

त्यानंतर आम्ही दोघी बागेच्या कार्यालयात गेलो. एकदा नाही, बऱ्याचदा. तिथले साहेब खरंच गोंधळले होते. म्हणाले, लोग तो नाम लगवाने आते हैं, आप हटवाने आई हैं. मनीषा म्हणाली, हाँ. त्यांनी विचारलं, फिर चाहिए क्या? ती म्हणाली की खड्डा बुजवा, आणि पौष सरेपर्यंत त्या काठाला हात लावू नका. त्यांनी मोठे लोक नाराज होतील वगैरे सांगितलं, उद्या या म्हणाले. मनीषा खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "मैं रुकती हूँ." मी बाजूला उभी होते. तिचा आवाज चढला नव्हता. साहेबांनी शेवटी कुणाला तरी फोन लावला.

नाव लागलं नाही. खड्डा बुजवला, अर्धवट. दगड पंपघराच्या भिंतीला पालथा टेकवून ठेवला आहे. मंडळात आमच्याविषयी जे बोललं जातं ते मला माहीत आहे. मेलेल्या माणसाचा मान राखता येत नाही यांना, असं. अध्यक्षांच्या पत्नी भाजीबाजारात दिसल्या, तोंड फिरवून गेल्या. मला बरं वाटलं. काठाच्या त्या पट्ट्यात टाकळा गुडघ्याएवढा झाला आहे. चार हातांचा पट्टा. विजय वगैरे शब्द मी त्याला वापरणार नाही. जिथे अर्धी बाग होती तिथे चार हात जमीन उरली, आणि तीसुद्धा एका बाईने मरून मिळवली, ह्यात आनंद मानावा अशी सवय मला लावून घ्यायची नाही. कुर्डूचं एक रोप अजून दिसलेलं नाही. मी रोज जाऊन बघते.

परवा मनीषाने विमलताईंचं कपाट आवरायला काढलं. मला बोलावलं होतं. रोजच्या नेसायच्या सुती साड्या होत्या, धुतलेल्या, घडी केलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या काठात कुसळं अडकलेली. गवतात फिरणाऱ्या बाईच्या साडीला अडकतात तशी, आडवी-तिरपी, धुऊनही न निघालेली. मनीषा म्हणाली की साड्या कुणाला तरी द्याव्यात, पण आधी ही काढायला हवीत, नाहीतर नेसणाऱ्याला टोचतील. ती पलंगावर बसून चिमटीने एक एक ओढायला लागली. मी थोडा वेळ बघितलं आणि तिच्या हातातून साडी काढून घेतली. जरा जोरातच घेतली असावी, कारण ती दचकली. मी म्हटलं, कुणाला द्यायच्या नाहीत, मी नेसेन. ती म्हणाली, "काकी, चुभेगी ना."

मी तीच साडी नेसून हे लिहायला बसले आहे. पोटरीला टोचतंय. टोचू दे.